चार बोटं खाली

हांकोच्या बंदरात मे महिना म्हणजे
अजून हातमोजे, अजून नाकाचा शेंडा लाल.
टेकूंवर उभी आल्ली,
छत्तीस फुटी, वय वर्षं एकेचाळीस,
आणि तिच्या सावलीत रागनवाल्ड सॉदरलुंड.
विकायची आहे म्हणतो.
म्हणताना बुडावरचं शेवाळ नखानं खरवडतो.

माझं काम प्लास्टिकच्या हातोडीचं.
वीतभर अंतरानं ठोकत जायचं आणि ऐकायचं.
ठण्ण. ठण्ण. ठण्ण.
नाळेपासून सुकाणूपर्यंत खणखणीत,
फक्त डाव्या कुशीत, तारांच्या पट्टीपाशी, एकदा
ठप्प.
तळहाताएवढी ओल. खडूनं गोल केला.
त्यानं तो गोल पाहिला
जसा माणूस स्वतःचा एक्स-रे पाहतो,
काही न कळता, मान हलवत.

घेणारी दोघं तुर्कूची, वेल्यो आणि इंकेरी.
तो विचारतो, वेग किती?
ती विचारत नाही, कप्पे उघडते.

"सहा नॉट. सहज," रागनवाल्ड म्हणाला.

दुपारी क्रेननं तिला पाण्यात सोडली.
वारा बारा नॉट, नैर्ऋत्येचा, तक्रारीला जागा नाही.
मोठ्या शिडाचं पोट सुटलेलं,
सुकाणू सारखं वाऱ्याकडे ओढ घेतं,
मालकापेक्षा जास्त त्यालाच कुठे जायचं असावं तसं.
वळताना नव्वदाऐवजी शंभरावर अंश.
आणि वेग, तीनदा पाहिला, चार पूर्णांक आठ.
रागनवाल्डनं काचेवर बोट आपटलं.
काटा हलला नाही.

मग मी कठड्यावरून वाकून बघितलं.
पाणरेषेची निळी पट्टी
पाण्याखाली होती, चार बोटं.

धक्क्याला लागल्यावर इंकेरीनं एकेक बाहेर काढलं:
नव्वद मीटर साखळी, कारखान्याचं तेल अजून अंगावर.
वादळी नांगर, दुकानाच्या चिठ्ठीसकट.
खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र, नळ्यांना टोपणं तशीच.
आपोआप सुकाणू धरणारं पातं,
ज्याला वाऱ्यानं कधी शिवलंच नव्हतं.
अझोर्सचे नकाशे, मार्केसासचे नकाशे,
पेन्सिलीची एक रेघ नाही.
आणि तळाशी घरच्या बेटांचा नकाशा,
घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टीनं सांधलेला,
कॉफीच्या गोलांनी भरलेला.

नोंदवही मी चाळली. चाळणं माझ्या कामात येतं.
हांको ते बेंग्टशेर. बेंग्टशेर ते हांको.
हांको, धुकं, परत हांको.
एकेचाळीस उन्हाळे.
"दर हिवाळ्यात वाटायचं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला,
"अजून एक वस्तू कमी आहे."

आल्ली हे इकडच्या एका बदकाचं नाव.
याच आठवड्यात त्यांचे थवे आखातावरून
उत्तरेला जातात, बर्फाकडे,
सोबत काही न घेता.
हे मी बोलले नाही. अहवालात अशा गोष्टींना रकाना नसतो.

रकाना असतो: सामान, अवस्था.
मी लिहिलं: न वापरलेलं, उत्तम.
रकाना असतो: चाल.
तिथे पेन थांबलं.
होडी मंद नाही.
तयारीनं जड झाली आहे.

वेल्यो किंमत पाडायच्या बेतात होता, घसा खाकरलाही होता,
तोवर साखळीचं शेवटचं वेटोळं धक्क्यावर आदळलं
आणि रागनवाल्ड, सत्तरी ओलांडलेला,
फळ्यांवर पालथा झोपला,
हात खाली सोडून पट्टीशी बोटं लावली.
"तीन," म्हणाला.
पाण्याची पिंपं उपसली.
"दोन. नाही, दोनला थोडं कमी."
त्याच्या आवाजात जे होतं
त्याला सौद्याच्या दृष्टीनं काही अर्थ नव्हता.

संध्याकाळी सह्या झाल्या.
रिगिंगच्या तारा बदलायच्या, ओल उकरून भरायची,
शीड नवं, रकमेतून इतके वजा.
रागनवाल्डनं सगळं मान्य केलं, एकच ओळ वाढवून घेतली.
ती मी माझ्याच अक्षरात लिहिली:
किटली, बूड झिजलेलं, झाकण दोऱ्यानं बांधलेलं,
विक्रीत धरलेली नाही.